फोडण्याआधी ओल कधी येते ते बघा

आमच्या नाशिकच्या सिडको वसाहतीत घराला घर चिकटलेलं आहे. एकाचं बाथरूम आणि दुसऱ्याची झोपायची खोली यांच्यामध्ये बऱ्याचदा एकच भिंत असते. डाग उमटतो एकाकडे, पाणी असतं दुसऱ्याचं. सहा योजनांमधली ही घरं मूळची बैठी. पुढे ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वर मजले चढवले. खाली जुनी लोखंडी लाइन, वर नवी प्लॅस्टिकची, आणि दोन्ही जिथं जोडल्या ती जागा प्लास्टरच्या पोटात. अशा घरात प्लंबर आला की भिंतीवर हात फिरवतो आणि म्हणतो, "सगळं फोडावं लागेल." माझं म्हणणं असं की फोडायच्या आधी आठवडाभर थांबा आणि ओल कधी वाढते, कधी थांबते ते लिहून ठेवा. बहुतेक वेळा त्या वेळेतच उत्तर असतं.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते टिपून ठेवायचं, ही नोकरीतली शिस्त घरच्या नळांना तंतोतंत लागू पडते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते. शेजारच्या काकूंच्या वरच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी, ताटाएवढी ओल आली. भिंतीपलीकडे भाऊंचं बाथरूम. काकूंचा संशय अर्थातच भाऊंवर. भाऊ म्हणाले, "माझ्याकडे एक थेंब गळत नाही, येऊन बघा." आणि खरंच, नळ कोरडे, जाळीखाली पाणी नाही, फरशीचे सांधे चांगले. काकूंचे जावई म्हणाले, पावसाचं मुरलेलं पाणी आता बाहेर येतंय. पण नाशिकचा पाऊस जाऊन दोन महिने होत आले होते आणि डाग तर वाढत होता.

आधी मी त्या भिंतीवरच्या प्लग पॉइंटचा एमसीबी बंद करायला लावला. ओल्या भिंतीत वीज चालू ठेवून पुढचं काही करायचंच नाही. मग पेन्सिलीनं डागाच्या कडेवरून रेघ मारली आणि बाजूला तारीख, वेळ लिहिली. सकाळ-संध्याकाळ असंच. चार-पाच रेघा झाल्यावर दिसलं की डाग सकाळी अकरापर्यंत सरकतो आणि दिवसभर जागेवर राहतो. काकूंना सहज विचारलं, "मागच्या वर्षी होतं का हो हे?" त्या म्हणाल्या, "अगं, होतं की! होळीनंतर आपोआप वाळलं, म्हणून रंग काढून घेतला."

होळीनंतर नाशिकमध्ये काय बंद होतं? गीझर. भाऊ उन्हाळ्यात गीझरला पाणी देणारा अँगल कॉकच फिरवून ठेवतात. म्हणजे तेवढे महिने गरम पाण्याच्या लाइनला दाबच नसतो. मी भाऊंना म्हटलं, "दोन-तीन दिवस तो कॉक बंद ठेवा, अंघोळीचं पाणी गॅसवर तापवा." त्यांनी कुरकुर न करता ऐकलं, हे मला फार मोलाचं वाटतं. डागाची कड रेघेवरच थांबली. मग कॉक उघडला, पण गीझर लावला नाही; कड किंचित सरकली. गीझर लावला, तशी सकाळच्या सकाळी बोटभर पुढे गेली.

एवढं कळल्यावर फक्त गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळामागच्या दोन टाइल काढल्या. आत गरम पाण्याच्या लाइनला पांढरा यूपीव्हीसी पाइप निघाला. तो थंड पाण्यासाठी असतो. गरम पाण्याला पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी लागतो, तो 93 अंशांपर्यंत टिकतो. यूपीव्हीसी तापला की मऊ पडतो, रोज तापून-निवून त्याचा सांधा ढिला होतो. एल्बोच्या, म्हणजे पाइप वळवणाऱ्या जोडाच्या, कडेला केसाएवढी भेग होती. नवं बाथरूम करताना गीझरच्या लाइनचा पाइप स्वतः डोळ्यांनी बघा, त्यावर छापलेलं वाचा, आणि प्लास्टर चढायच्या आत मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा. दोन रुपये वाचवण्यासाठी कुणी तिथं पांढरा पाइप घालतं आणि भोगावं शेजाऱ्यानं, याचा मला मनापासून राग येतो.

प्रत्येक ओलीची वेळ वेगळी. पाणी तापवलं की वाढणारी ओल मी वर सांगितली. चोवीस तास सारखी वाढणारी ओल टाकीवरून उतरणाऱ्या लाइनची, कारण तिथं दाब कायम असतो. घरात प्रेशर पंप असेल आणि रात्री सगळे नळ बंद असताना तो मध्येच घुर्रकन सुरू होत असेल, तर पाणी कुठंतरी निघून जातंय एवढं नक्की. पंप नसेल तर झोपताना टाकीत येणारं पाणी बंद करा, पातळीवर खूण करा, सकाळी बघा. पातळी उतरली असेल तर दुसऱ्या रात्री टाकीचा खाली उतरणारा व्हॉल्व्हही बंद करून तेच करा. तरीही उतरली तर टाकीच गळतेय, घरातली लाइन नाही.

फक्त सकाळी नळाला पाणी आलं की भिजणारी जागा म्हणजे महापालिकेच्या पाण्याची थेट लाइन. ही मला सगळ्यांत धोक्याची वाटते. पाणी गेल्यावर पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. पहिलं पाणी गढूळ किंवा वासाचं येत असेल तर ते पिऊ नका आणि ही लाइन आधी तपासा.

अंघोळीनंतर येणारी ओल फरशीची तरी असते किंवा सांडपाण्याच्या पाइपची. हे ओळखायला नाहणीची जाळी काढून भोकात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा, बाथरूममध्ये दोन बोटं पाणी भरा आणि दिवसभर तसंच ठेवा. पाणी साठलेलं असतानाच खाली ओल उतरली तर फरशीचे सांधे किंवा वॉटरप्रूफिंग गेलंय. बोळा काढून पाणी सोडल्यावर उतरली तर ट्रॅप (जाळीखालचं पाणी धरून ठेवणारं भांडं) किंवा पाइप. पहिल्यात कधी कधी फरशीच्या सांध्यांत ग्राउट भरून भागतं, दुसऱ्यात फोडावंच लागतं. पण मग कुठं फोडायचं ते तरी माहीत असतं.

पावसाळ्यात भिंत ओलसर लागली म्हणजे गळतीच असं नाही. अॅल्युमिनियमच्या पन्नीचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर दोन दिवस चिकटवा. पन्नीच्या बाहेरच्या बाजूला पाणी साचलं तर ते हवेतलं, खिडकी उघडा. आतल्या बाजूला साचलं तर भिंतीतलं.

फ्लशच्या टाकीची गळती ना ऐकू येते ना दिसते. टाकीत कपड्याची थोडी नीळ टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळं उतरलं तर तळाचं रबर गेलंय. ते बाजारात सुटं मिळतं, घरच्या घरी बसतं. फक्त जुनं सोबत घेऊन जा, मापं वेगवेगळी असतात.

नळ टपकतोय तर फिरवून फिरवून आवळू नका. जुन्या पितळी नळाचा वॉशर बदला, अर्ध्या फेरीच्या नळाची आतली कार्ट्रिज बदला. सलाइनच्या साध्या नळीत 20 थेंबांचा 1 मिलिलिटर धरतात. त्या हिशेबानं सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 4 लिटरांहून जास्त. गंगापूर नाहीतर मुकणे धरणातून एवढं लांबून आणलेलं पाणी मोरीत असं जाताना मला बघवत नाही, मे महिन्यात तर नाहीच. गीझरचा व्हॉल्व्ह मात्र पाणी तापताना थोडा टपकतो, ते बरोबर आहे. तापलेलं पाणी फुगतं, त्याला वाट लागते. ती वाट कधीही बुजवू नका. गीझर बंद असतानाही धार लागत असेल तर मिस्त्री बोलवा.

एमसील चालू पाण्यावर थापू नका. पाणी बंद करून सांधा पुसून, वाळवून मगच लावा, आणि तोही पाइप बदलेपर्यंतचा तात्पुरता उपाय समजा.

दुरुस्ती झाली की लगेच रंगाची घाई नको. विटांमधलं पाणी सुकायला कित्येक आठवडे लागतात. सुकताना पांढरे क्षार बाहेर येतात; ते कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुतले तर पुन्हा आत जातात. काकूंना पाडव्याआधी रंग हवा होता. मी त्यांच्या भिंतीला पन्नी लावली, आतून दव निघालं. मग थोडं थांबून परत लावली. ती कोरडी निघाल्यावरच त्यांनी पुट्टीवाल्याला फोन केला.