तुम्ही विचारलंत म्हणून: ६९७ ला टर्बो बसवला, आता डिझेल किती वाढवायचं?

"टर्बो बसवलाय, आता पंपाचं डिझेल किती वाढवू? की सरळ कॉमन रेलच टाकू?" हे विचारणाऱ्या प्रत्येकाला दोन मिनिटांत, एका आकड्यात उत्तर हवं असतं. तसं देता येत नाही म्हटलं की मी टाळतोय असा समज होतो. म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो. पंप म्हणजे सिलिंडरांना डिझेल मोजून देणारा इंजेक्शन पंप, टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आणि कॉमन रेल म्हणजे संगणकाच्या हुकमाने एकाच नळीतून मोठ्या दाबाचं डिझेल देणारी पद्धत. गाडी जुनी, इंजिन टाटाचं ६९७, मूळचं बिनटर्बोचं, आणि टर्बो दुसऱ्या गाडीवरून उतरवलेला, असं धरून चालतो.

डिझेल किती जाळता येईल ते आत येणाऱ्या हवेवर ठरतं. ६९७ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२८ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचे ९४६ सीसी. हवा ४० अंशांची असेल आणि सिलिंडर ८५ टक्के भरत असेल, तर दर वेळी साधारण ०.९ ग्रॅम हवा आत येते. काळा धूर नको असेल तर डिझेलच्या वजनाच्या निदान वीसपट हवा लागते. म्हणजे ४५ मिलिग्रॅम डिझेल. पंप तपासायच्या टेस्ट बेंचवर हेच पंपाच्या हजार स्ट्रोकला ५४ सीसी दिसेल.

आता टर्बोमुळे अर्धा बार बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, आला. सगळे म्हणतात, हवा दीडपट झाली. होत नाही. दाबली की हवा तापते. भंगारातला टर्बो ४० अंशांची हवा शंभराच्या आसपास नेतो, आणि तापलेली हवा विरळ असते. ही तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नसेल तर हवा फार तर सव्वापट होते, इंटरकूलरने ती ६० अंशांवर आणली तर १.४ पट. म्हणजे इंटरकूलरशिवाय ६८ सीसी, इंटरकूलरसह ७६. ही वरची हद्द आहे. तिथवर गेलंच पाहिजे असं नाही. ओझं ओढणाऱ्या गाडीला मी याच्याही खाली थांबतो.

या हिशेबाला पुस्तकी म्हणणाऱ्यांसाठी एका इंजिनाची हकीकत सांगतो. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडकडे माल नेणारा ट्रक. टर्बो बसवला, इंटरकूलर नाही. पंप जुनाच, त्याचं शिशाचं सील तोडून फुल लोडचा, म्हणजे डिझेलची वरची हद्द ठरवणारा, स्क्रू फिरवलेला. गाडी ओढायला लागली, सगळे खूश. पुढे एका चढणीवर ब्रीदरमधून (क्रँककेसची वाफ सोडणाऱ्या नळीतून) निळा धूर, ऑइलचा दाब खाली, आणि सहाव्या सिलिंडरचा ठोका.

हेड उतरवलं तेव्हा सहाव्या पिस्टनच्या माथ्याची एक कड वितळून खाली ओघळली होती आणि वरची रिंग त्या ॲल्युमिनियममध्ये जाम झाली होती. जळलेली जागा एकाच बाजूला होती, नोझलच्या, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या टोकाच्या, एका भोकाच्या अगदी समोर. तो इंजेक्टर हँड टेस्टरवर चढवला, तर उघडायच्या दाबाच्या बऱ्याच आधीपासून टोकाला थेंब जमत होता. चांगलं नोझल उघडायच्या दाबापेक्षा २० बार खाली दहा सेकंद धरलं तरी टोक कोरडं राहतं. त्यात इंजेक्टरखाली तांब्याचे दोन वॉशर एकावर एक. जुना वॉशर भोकात चिकटून राहिलेला, वर नवा बसवलेला. नोझल तेवढं वर उचललं गेलं आणि फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा सोडून तिच्या काठावर बसत होता.

मग पंप बेंचवर घेतला. सरासरी ७८ सीसी, जिथे इंटरकूलरशिवाय हवा ६८ चीच. शिवाय सहा एलिमेंट, म्हणजे एकेका सिलिंडरला डिझेल ढकलणारे पंपातले भाग, सारखे नव्हते: सगळ्यात कमी देणारा ७३, आणि सहावा ८४. म्हणजे थेंब गाळणारं नोझल, चुकीची उंची आणि सगळ्यात जास्त डिझेल, तिन्ही एकाच सिलिंडरच्या वाट्याला. मूळ सेटिंगवर हे दोष इंजिनाने कदाचित वर्षभर सोसले असते. स्क्रू फिरवल्यावर सोसायला काही शिल्लकच राहिलं नाही. गॅरेजमध्ये मात्र दोष टर्बोवर गेला. टर्बोत काही बिघाड नव्हता.

आणखी एक, जे पिस्टनकडे बघून दिसत नाही. बिनटर्बोच्या पंपाच्या गव्हर्नरवर (आरपीएम सांभाळणाऱ्या भागावर) बूस्ट बघून डिझेल देणारा डायफ्राम नसतो; बॉशच्या भाषेत एलडीए. टर्बोच्या पंपावर तो असतो, इनटेक मॅनिफोल्डवरून त्याला बारीक पाइप येतो, आणि बूस्ट चढेपर्यंत तो रॅकला, म्हणजे डिझेल कमीजास्त करणाऱ्या दांडीला, पूर्ण पुढे जाऊ देत नाही. तो नसेल तर दुसऱ्या गिअरमध्ये १३००-१४०० आरपीएमला, टर्बो धड फिरत नसताना, ७८ सीसी तसंच आत जातं. घाटात गाडी अर्धा अर्धा तास तिथेच चालते.

मग डिझेल वाढवायचं कसं? पंपाची पाटी वाचा. 'पीईएस ६ए ९०' असं काही असेल तर सहा एलिमेंट, ए साइझ, प्लंजर (एलिमेंटमधला दट्ट्या) ९.० मिमी. त्याच प्लंजरवर रॅक पुढे नेला की इंजेक्शन लांबतं, शेवटचं डिझेल उशिरा जळतं आणि उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. ९.५ चा एलिमेंट घातला की तेवढ्याच वेळात सुमारे ११ टक्के जास्त मिळतं. त्याहून जास्त हवं तर पंपच बदला. माझी पसंती ६९७ टीसीचा, म्हणजे मूळच्या टर्बोवाल्या ६९७ चा, अख्खा संच घेण्याला: पंप, एलडीएसह गव्हर्नर, नोझल, हाय प्रेशर पाइप. आणि जमत असेल तर पिस्टनही, कारण पिस्टनला खालून तेलाचा फवारा मिळतो की नाही यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. नोझलची भोकं मोठी करून आणणारे भेटतात. करू नका, कमी आरपीएमला फवारा जाड होतो.

टायमिंग, म्हणजे डिझेल सोडायचा क्षण, स्पिल पद्धतीनेच बघा: पहिल्या एलिमेंटचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून बाकदार पाइप लावायचा, डिझेलची धार तुटून थेंबावर येते तो क्षण फ्लायव्हीलच्या खुणेशी जुळवायचा. टर्बोनंतर टायमिंग पुढे घेऊ नका. दाबलेल्या गरम हवेत डिझेल लवकर पेट घेतं, त्यामुळे एखाद-दोन अंश मागे असलेलं बरं. गव्हर्नरचा वरचा आरपीएम वाढवायला सांगाल तर मी नाही म्हणेन.

एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा पायरोमीटर बसवा, आणि तो टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डवर. भोक पाडताना टर्बो उतरवून ठेवा, कीस आत जाता कामा नये. टर्बोनंतर बसवलात तर भर ओझ्यात काटा शंभरेक अंश कमी दाखवतो. चढणीवर ६५० पर्यंत ठीक, ७०० ला पाय उचलायचा. पिस्टनचं ॲल्युमिनियम ५७० ते ५८० लाच मऊ होऊन वितळायला लागतं. तेल, रिंगा आणि पाणी त्याला थंड ठेवतात म्हणून ते टिकतं.

आता कॉमन रेल. धुराच्या बाबतीत ती सरस आहे, यात वाद नाही. मुख्य फवाऱ्याआधीच्या छोट्या पायलट इंजेक्शनने ठोका मवाळ होतो आणि बूस्ट सेन्सर बघून ईसीयू (इंजिनाचा संगणक) दर क्षणी डिझेल मोजून देतो. पण ६९७ ची पिस्टनची वाटी थोड्या, जाड फवाऱ्यांसाठी घडवलेली आहे. सहा-आठ बारीक भोकांचं नोझल १४०० बारवर तिच्यात सोडलं तर फवारा भलतीकडेच बसतो. हेडमध्ये इंजेक्टरचं भोक नव्याने करावं लागतं. क्रँकला साठातले दोन दात कमी असलेलं चाक, कॅम सेन्सर, पेडल सेन्सर, वायरिंग, पाणी वेगळं करणारा बारीक फिल्टर, आणि हे सगळं जुळवणारा ईसीयू, तोही डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बसून मॅप, म्हणजे केव्हा किती डिझेल याचं कोष्टक, लिहिणाऱ्या माणसासकट. एवढं करणारा भेटला तर मी अडवणार नाही. त्याऐवजी मूळचंच कॉमन रेलचं इंजिन टाकायचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा आणि आरटीओची परवानगी हातात आल्याशिवाय इंजिन उतरवू नका.

पूर्वी मी याहून थोडक्यात सांगायचो: टर्बो काढा, इंजिन जसं आलं तसं चालवा. ओझं घेऊन रोज घाट चढणाऱ्याला त्या उत्तराचा काही उपयोग नसतो, हे मला दिसतं. तरी चार लाखांच्या गाडीला एवढा खर्च करून मिळालेली ओढ किती वर्षं पुरते, यावर माझं मन अजून बनलेलं नाही. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला पीयूसीत धुराची हद्द २.४५ (प्रकाश किती अडतो त्याचं माप, प्रति मीटर) आहे, आणि वर सांगितलेलं सगळं नीट केलेली ६९७ तिच्या आत बसते. स्क्रू फिरवलेली बसत नाही. तेव्हा पंप कॅलिब्रेट करून आणलात की सहाही एलिमेंटचे आकडे लिहिलेला कागद मागून घ्या, आणि सील तुमच्या समोर लावून घ्या.