आधी विमान उडव

आज सिम्युलेटरमध्ये उड्डाणानंतर लगेच इंजिनाला आग लागल्याचा सराव होता. घंटा वाजली आणि माझा हात आपसूक इंजिन बंद करायच्या लिव्हरकडे गेला. प्रशिक्षकांनी तो तिथेच अडवला. "आधी विमान उडव."

400 फुटांपर्यंत फक्त वेग आणि दिशा सांभाळायची. चेकलिस्ट मग, जमिनीवरच्या कंट्रोलरशी बोलणं त्यानंतर. पाठ होतं हो सगळं! पण घंटेपुढे पाठांतर टिकत नाही.

फेब्रुवारी 2015, तैपेई. ट्रान्सएशियाच्या विमानाचं उजवं इंजिन बिघडलं आणि कॅप्टनने डावं, चांगलं चाललेलं इंजिन बंद केलं. 43 माणसं गेली. माझा हातही तसाच धावला होता, हे दिवसभर मनातून जात नाहीये.

दुसऱ्या फेरीत लिव्हर धरून मोठ्याने विचारलं, "दोन नंबर इंजिन, बरोबर?" शेजारच्या पायलटकडून "बरोबर" आल्यावरच तो ओढला.