डिपस्टिकची मोजपट्टी: १.२ लिटर पेट्रोल, ४२,३१० ते ४५,३०० किमी

डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची काठी. तिच्यावरच्या दोन खुणांमध्ये ऑइल आहे, एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. पण इंजिन किती ऑइल खातंय हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एका मिलिमीटरला किती मिलिलिटर, हे आधी काढावं लागतं आणि ते ऑइल बदलतानाच जमतं.

४२,३१० ला ५डब्ल्यू-३० ग्रेडचं नवं ऑइल, नवा फिल्टर, ड्रेन प्लगला नवा वायसर. २.३ लिटर ओतून इंजिन एक मिनिट चालवलं. फिल्टर रिकामा असतो, तो भरेपर्यंतचं वाचन खोटंच. दहा मिनिटं थांबल्यावर ऑइल खालच्या खुणेला टेकलं. पुढे दर वेळी मापाने १०० मिलि, पाच मिनिटं थांबा, वाचा. वरच्या खुणेपर्यंत ८०० मिलि गेलं, दोन खुणांमधलं अंतर २२ मिमी. पण चढण सारखी नाही: खालचे तीन टप्पे प्रत्येकी ३ मिमी, वरचे पाच २.६ मिमी. संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, वर रुंद होत जातो, म्हणून. काठीवर कायमची खूण कोरू नये, खरवडलेल्या जागी ऑइल पसरतं आणि रेघ धूसर दिसते. स्टीलची पट्टी शेजारी धरून मोजलेलं बरं.

वाचायची पद्धत दर वेळी तीच: गाडी गरम करून बंद, बरोबर दहा मिनिटं. पहिल्यांदा काढलेली काठी फक्त पुसायची. नळीच्या भिंतीचं ऑइल तिला लागलेलं असतं. धागे न सुटणारं सुती कापड घ्या. पुन्हा पूर्ण आत दाबून काढा, आडवी धरा, दोन्ही बाजू पाहा. दोहोंत फरक असेल तर खालची रेघ धरा. सकाळी थंड इंजिनावर वाचलं तरी चालतं, पण मग कायम थंडच. ६० अंशांच्या फरकाला ऑइल चारेक टक्के फुगतं, म्हणजे ३ लिटरला जवळपास सव्वाशे मिलि, आपल्या काठीवर ३ मिमीच्या वर. उलट गरम इंजिनात थोडं ऑइल वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, अडकलेलं असतं. दोन्ही गोष्टी एकमेकींना अर्धवट कापतात, म्हणून गरम-थंड वाचनांची सरमिसळ नको.

जागाही तीच हवी. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. गवंडी वापरतात त्या पारदर्शक लेव्हल ट्यूबने चारही चाकांजवळची जमीन तपासली. शेजारच्या खांबापाशी नाक खाली झुकतं आणि तेच ऑइल ४ मिमी जास्त दिसतं. दीडशे मिलिची थाप!

नोंदी, वरच्या खुणेपासून खाली:
४३,३०० – २ मिमी.
४४,२९० – १ मिमी. वाढलं! जुलैचा पाऊस, तीन आठवडे दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, काठीला पेट्रोलचा वास.
४४,६५० – ५ मिमी, साडेतीनशे किलोमीटर हायवे झाल्यावर.
४५,३०० – ६ मिमी.

मधली वाढ म्हणजे ऑइलमध्ये उतरलेलं न जळलेलं पेट्रोल. इंजिन नीट तापलं तसं ते उडालं आणि खरी घट उघडी पडली. ४४,२९० वरच थांबलो असतो तर इंजिन ऑइल खातच नाही असं वाटलं असतं. त्याच दिवसांत फिलर कॅपखाली (ऑइल ओततो त्या तोंडाच्या झाकणाखाली) दुधाळ फेस होता. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी हलली नव्हती, हायवेनंतर फेसही गेला. म्हणजे ती वाफ. फेस राहून कूलंटही कमी होत असतं, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेडखालच्या सीलकडे, पाहावं लागलं असतं.

एकूण ६ मिमी, सुमारे २३० मिलि. हजार किलोमीटरला ७५ ते ८०. जमिनीवर डाग नाही, निळा धूर नाही. ठीक आहे.

टॉप-अप ११ मिमीला, तेही २०० मिलिच. खुणेच्या वर गेलं तर क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) ऑइल घुसळतो, फेस होतो, पंप हवा ओढतो. चुकून जास्त पडलंच, तर डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप सोडून ५० मिलिच्या सिरिंजने ओढता येतं. डॅशबोर्डवरच्या लाल ऑइल-दिव्याच्या भरवशावर मात्र राहू नये. तो दाब सांगतो, पातळी नाही. घाटातल्या वळणावर तो लुकलुकला तर ऑइल आधीच धोक्याच्या पातळीखाली गेलेलं असतं.

पुढची नोंद ४६,३०० ला, त्याच खांबापाशी नाही.