ग्लेंडाबाईंना दिलेलं मत

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनच्या संसदेसाठी मतदान करता येतं, हे घरी अजूनही कुणाला खरं वाटत नाही. राष्ट्रकुल देशांच्या, इथे राहणाऱ्या नागरिकांना तो हक्क आहे. २०१० साली मी तो बजावला. बोटाला शाई नाही, तेव्हा ओळखपत्रही लागत नव्हतं. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने ग्लेंडा जॅक्सन या अभिनेत्री-खासदाराच्या नावासमोर फुली मारली. बाई ४२ मतांनी निवडून आल्या! १७,३३२ विरुद्ध १७,२९०. बेचाळीस म्हणजे एका एसटीत मावतील एवढी माणसं.

१५ जून २०२३ ला त्या गेल्या, वयाच्या ८७व्या वर्षी. तेव्हापासून मन त्यांच्यातच अडकलंय.

बर्कनहेडच्या गवंड्याची मुलगी. आधी ‘बूट्स’ या औषधांच्या दुकानात नोकरी, मग शिष्यवृत्तीवर नाट्यशिक्षण. दोन ऑस्कर मिळाले आणि दोन्ही वेळा बाई सोहळ्याला हजर नव्हत्या. १९९२ साली मजूर पक्षाच्या खासदार झाल्या आणि अभिनय थांबवला. चक्क थांबवला! अधूनमधून एखादी भूमिका, एखादी जाहिरात, काही नाही. खासदारकी हेच काम. भाड्याने घेतलेल्या हॉलमधल्या खुर्च्यांवर ओल आलेल्या भिंतींच्या, घरभाड्याच्या तक्रारी घेऊन लोक बसतात, ते खासदाराचं काम. माझ्या शेजारच्या आजी त्यांना कधी नटी म्हणतच नाहीत, ‘आमची खासदार’ म्हणतात. इराक युद्धावरून बाई स्वतःच्या पक्षाच्या पंतप्रधानांशीही भिडल्या.

‘बघा, नाहीतर आपल्याकडचे सिनेमावाले खासदार’, असं इथले काही मराठी मित्र लगेच म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. पंजाब पेटला असताना १९८७ मध्ये मुंबईहून अमृतसरला पायी गेले ते सुनील दत्तच ना? डॉ. लागू आणि निळूभाऊ तर कुठल्याही पदाशिवाय सामाजिक कार्यकर्त्यांना मदत करणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग करत फिरले. आपले मतदार नुसत्या चेहऱ्याला भुलतात, हे इथे बसून म्हणणं सोपं आहे.

तरी एका बाबतीत ग्लेंडाबाईंना तोड नाही, हे कबूल करते. २०१५ साली त्यांनी संसद सोडली आणि पुढच्याच वर्षी, ऐंशीव्या वर्षी, लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात शेक्सपिअरचा राजा लियर उभा केला. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला टोनी हा नाट्यपुरस्कार मिळवला. तेवीस वर्षं बाजूला ठेवलेली कला अशी शाबूत राहते! मायकल केन यांच्याबरोबरचा त्यांचा शेवटचा चित्रपट त्या गेल्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आला. पहिल्याच आठवड्यात आजींना घेऊन जायचं, हे मी आधीच ठरवलं होतं.