खोऱ्याबाहेरची प्रत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात शिरले, तेव्हा फोटोंची लोखंडी ट्रंक तळमजल्यावरच्या फडताळात, जमिनीपासून चांगली चार फूट उंचीवर होती. २००५ च्या महापुरात पाणी उंबऱ्याशी येऊन परतले होते, आणि त्या अनुभवाच्या भरवशावर आम्ही गव्हा-तांदळाची पोती, गॅसचे सिलिंडर आणि आईची औषधे वरच्या मजल्यावर नेली, पण ट्रंक हलवण्याची गरज कोणालाच वाटली नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आम्ही राजारामपुरीत नातेवाइकांकडे होतो. पाणी ओसरल्यावर घरी येऊन फडताळ उघडले, तर ट्रंकेच्या कडीतून अजून गढूळ पाणी ठिबकत होते.

खरे तर त्या क्षणी मला फारशी काळजी वाटली नाही, कारण निम्म्याहून अधिक फोटो मी आदल्या दोन वर्षांत स्कॅन करून ठेवले होते. एक प्रत घरच्या संगणकावर होती आणि दुसरी एका हार्ड डिस्कवर सांगलीला ताईकडे होती. संगणक तळमजल्यावरच असल्यामुळे तो गेला हे उघड होते, पण दुसऱ्या गावी ठेवलेली डिस्क सुरक्षित असणार असे मी धरून चाललो होतो. सांगलीत कृष्णेचे पाणी शिरल्याची बातमी आम्ही ऐकली होती, ताईच्या घरची माणसे सुखरूप असल्याचेही कळले होते, पण डिस्कचा विचार मनात आलाच नव्हता. फोन लागायला लागले तेव्हा ताई म्हणाली, "तुझी डिस्क खालच्याच कपाटात राहिली रे. धावपळीत आठवणच झाली नाही." तिला काय बोलणार? तिच्या घरात कंबरभर पाणी होते.

पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, हे आम्ही शाळेत शिकलो आहोत आणि दत्ताच्या दर्शनाला जाताना तो संगम अनेकदा पाहिलाही आहे. तरीही कोल्हापूर आणि सांगली ही दोन गावे पावसाच्या दृष्टीने एकच घर आहेत, हे मला त्या दिवशी समजले. सह्याद्रीच्या याच माथ्यावर पडलेला पाऊस दोन्ही गावांना एकाच आठवड्यात गाठतो. म्हणजे मी दोन प्रती ठेवल्या होत्या, पण त्या एकाच संकटाच्या वाटेवर ठेवल्या होत्या, आणि तसे असेल तर त्या दोन नसून एकच असतात. या लेखात मला प्रामुख्याने हेच सांगायचे आहे.

ट्रंकेतल्या फोटोंचे काय झाले ते आधी सांगतो, कारण पुन्हा पूर आला तर ते कोणाच्या तरी उपयोगी पडेल. माझ्या पत्नीने पहिला अल्बम उघडून पदराने एका फोटोवरचा चिखल टिपायला घेतला, तेवढ्यात गल्लीतले अण्णा आत आले. अण्णांनी चाळीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवला आहे आणि रोल धुण्यापासून सगळी कामे स्वतःच्या हाताने केली आहेत. ते दारातूनच ओरडले, "वैनी, पुसू नगा! बोट लागलं की मानसं पुसून जात्यात." फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरातच असते. पाण्यात तो थर फुगून मऊ होतो, आणि अशा वेळी पदर काय, नुसते नखही चेहरा घेऊन जाते. त्याहून वाईट म्हणजे ओले फोटो गठ्ठ्यानेच वाळू दिले, तर ते एकमेकांना असे चिकटतात की पुढे त्यांची वीटच होते.

अण्णांनी तीन घमेली मागवली. पहिल्या दोन घमेल्यांतल्या स्वच्छ, गार पाण्यात फोटो अलगद हलवून चिखल सुटू द्यायचा, तिसऱ्यातल्या पाण्यातून शेवटी काढायचा, कडेला धरूनच उचलायचा आणि चित्राची बाजू वर ठेवून पांढऱ्या धोतरावर सावलीत पसरायचा, असा त्यांचा क्रम होता. वर्तमानपत्रावर ठेवू दिले नाही, कारण छपाईची शाई ओल्या फोटोला लागते. उन्हातही नेऊ दिले नाही. चिकटलेले फोटो त्यांनी ओढले नाहीत. पाण्यात तसेच राहू दिले आणि आपणहून सुटले तेवढेच सोडवले. हे सगळे दोन दिवसांच्या आत झाले तर बरेच काही हाती लागते, असे ते म्हणाले. आमच्या ट्रंकेत पाणी त्याहून जास्त दिवस होते, त्यामुळे आमच्या नशिबी निम्मेच आले. काळ्या-पांढऱ्या फोटोंनी चांगला तग धरला. आई-आबांच्या लग्नानंतरच्या रंगीत फोटोंपैकी मात्र बरेचसे गुलाबी-पिवळ्या डागांचे कागद होऊन बाहेर आले.

आजोबांचा एक फोटो चौकटीत होता. खासबागेतल्या एका कुस्तीनंतर, अंगावर माती आणि डोक्याला फेटा, असे ते तालमीच्या वस्तादांशेजारी उभे आहेत. तो फोटो काचेला आतून चिकटला होता. मी काच सोडवायला गेलो, तेव्हा अण्णांनी माझा हात धरला. वाळून काचेला चिकटलेला फोटो सोडवायचा नसतो, तो काचेसकट जपायचा असतो. आम्ही चौकटीची मागची पाठ काढली, काच बाहेरून पुसली आणि काचेतूनच त्याचा स्कॅन घेतला. डाव्या खांद्याशी ओलीचा एक ढग उमटला आहे, पण आजोबांचा चेहरा जसाच्या तसा आहे.

चित्रे अशी हातची जाणे आमच्या गावाला नवे नाही, असे मला नंतर वाटत राहिले. बाबूराव पेंटरांनी कॅमेरासुद्धा स्वतः घडवून कोल्हापुरात चित्रपट काढले, पण त्यांच्या बहुतेक मूकपटांच्या प्रती आज कोणाकडेही नाहीत. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. २००३ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातल्या जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या रिळांना आग लागली आणि जे जपून ठेवले होते तेही जपलेल्या जागीच नष्ट झाले. ज्यांच्याकडे जाणकार माणसे होती त्यांचे असे झाले, तर घराघरातल्या ट्रंकांची काय कथा.

पुढच्या दिवाळीपासून मी नव्याने सुरुवात केली. आधी नाशिकच्या धाकट्या भावाला फोन केला. २०१४ मध्ये त्याच्या लग्नाच्या वेळी मी घरच्या निवडक फोटोंची एक डीव्हीडी करून त्याला दिली होती, ती त्याने न हरवता ठेवली होती. तिच्यावर ३१२ फोटो निघाले. ते व्हॉट्सॲपवर पाठवू का, असे त्याने विचारले, तेव्हा मी नको म्हणालो. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो दाबून लहान करते आणि फोटोसोबतची तारीख-वेळेची नोंदही पुसून टाकते. घरच्या ग्रुपवर आलेला फोटो म्हणजे आपला फोटो जपला गेला, असा समज अनेक घरांत आहे. ती फोटोची सावली असते. पाठवायचाच असेल, तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे मूळ फाइल तशीच पोचते. भावाने सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि दिवाळीला येताना आणल्या.

स्कॅनरवर मी साधे फोटो इंचाला ६०० ठिपके या प्रमाणात घेतो. चार बाय सहा इंचांच्या फोटोचे त्यातून २४०० गुणिले ३६०० पिक्सेल होतात, म्हणजे सुमारे ८६ लाख, आणि घरगुती कामाला तेवढे पुष्कळ झाले. आबांकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्याच्या रोलवर बाराच फोटो निघत आणि पैसे वाचवण्यासाठी ते निगेटिव्हच्याच मापाचे, सव्वादोन इंचांचे चौकोनी फोटो काढून घेत. एवढ्या लहान फोटोंना मी १२०० ठिपके ठेवतो. जुन्या, पुन्हा न मिळणाऱ्या फोटोंची मूळ फाइल टिफ स्वरूपात असते. जेपेग ही नेहमीची फोटो-फाइल दर वेळी बदलून साठवली की थोडी थोडी झिजत जाते, टिफचे तसे होत नाही. ६०० ठिपक्यांवर घेतलेल्या चार बाय सहाच्या एका टिफला सुमारे २६ एमबी जागा लागते, पण डिस्कची जागा आज पुरेशी स्वस्त आहे. फोटोची मागची बाजूही मी न चुकता स्कॅन करतो. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, आणि क्वचित आबांच्या बारीक अक्षरात "रंकाळा, मे ७४" असे काहीतरी लिहिलेले असते.

स्कॅन करून झाल्यावर मूळ प्रत परत चिकट अल्बममध्ये घालू नये. ऐंशीच्या दशकात घरोघरी आलेल्या, वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि खाली डिंकाचे पान असलेल्या त्या अल्बमांनी पुराइतकेच नुकसान केले आहे. तो डिंक आणि ते प्लास्टिक फोटोला हळूहळू खात असतात. आमच्याकडे उरलेले असे फोटो मी त्यांच्याखालून पातळ दोरा ओढत सोडवले आणि साध्या कागदी पाकिटांत, वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवले. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलेल्या कपाटात बुरशी धरते, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

प्रतींची व्यवस्था आता अशी आहे. एक प्रत घरच्या संगणकावर, एक ऑनलाइन आणि एकसारख्या दोन डिस्कांपैकी एक नेहमी नाशिकला. पीटर क्रो या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम असा आहे की तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी. त्या 'दुसऱ्या जागी' या शब्दांपुढे मी 'दुसऱ्या खोऱ्यात' असे लिहून घेतले आहे. नाशिक गोदावरीच्या खोऱ्यात आहे आणि भाऊ चौथ्या मजल्यावर राहतो. दिवाळीला तो त्याच्याकडची डिस्क घेऊन येतो आणि वर्षभरात भर पडलेली डिस्क घेऊन जातो. मे महिन्यात मुले सुट्टीला आली की पुन्हा एकदा अदलाबदल होते. परत आलेल्या डिस्कवरचे पाच-दहा फोटो मी दर वेळी उघडून पाहतो, कारण न उघडलेली प्रत शाबूत आहे की नाही हे कोणालाच माहीत नसते.

एकट्या ऑनलाइन प्रतीवर मी विसंबत नाही. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली आणि १५ जीबीची मर्यादा ईमेल धरून आहे. शिवाय फोनवरून एखादा फोटो पुसला की तो तिकडूनही जातो, कारण ते दोन्ही एकमेकांशी जोडलेले असतात. दोन वर्षे न वापरलेले खाते बंद करून त्यातला मजकूर काढून टाकण्याची मुभाही त्या कंपनीने स्वतःकडे ठेवली आहे. म्हणून मी खात्याच्या सेटिंगमध्ये माझ्यानंतर कोणाला कळवायचे ते भरून ठेवले आहे आणि पासवर्ड कागदावर लिहून एलआयसीच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवला आहे. घरातल्या सगळ्यांना ती पिशवी माहीत आहे.

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५६ फुटांवर गेले आणि आम्हाला पुन्हा घर सोडावे लागले. या खेपेला फोटोंची पाकिटे वरच्या मजल्यावर होती, डिस्क नाशिकला होती, आणि मी निघताना बरोबर घेतली ती फक्त निगेटिव्हची पिशवी आणि आजोबांची चौकट.

सर्वांत सावकाश चाललेले काम अजून बाकी आहे. ते नावांचे आहे. फोटो वाचला आणि त्यातले माणूस कोण हे सांगणारे कोणी उरले नाही, तर आपण काय वाचवले? आई ८१ वर्षांची आहे. रविवारी दुपारी जेवणानंतर मी संगणक तिच्यासमोर ठेवतो आणि फोनवर तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करतो. ती डावीकडून सुरुवात करते आणि प्रत्येक नावाशी थांबते, कारण नावामागे माहेर, सासर, कोणाची सोयरीक कुठे झाली, कोणाच्या हाताला कशी चव होती, असे सगळे येते. मी तिला थांबवत नाही. तेच ध्वनिमुद्रण फोटोच्याच फोल्डरमध्ये, फोटोच्याच नावाने ठेवतो, आणि नावे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवतो.

गेल्या रविवारी जोतिबाच्या चैत्र यात्रेतला एक फोटो निघाला. गुलालाने माखलेली चौदा माणसे आहेत. गुलाल त्या काळ्या-पांढऱ्या फोटोत करड्या रंगाचा दिसतो. आईने अकरा जणांची नावे सांगितली. मागच्या रांगेत कडेवर मूल घेतलेल्या बाईवर तिने बराच वेळ बोट ठेवले आणि म्हणाली, "ही आपल्यातली न्हवं. पण कडेवरचं मूल म्हणजे तूच." ती बाई कोण हे विचारायला मी येत्या शनिवारी वडणगेच्या आत्यांकडे जाणार आहे.