बाईंची ब्लू पॉपी

पुण्याहून हिमालयात ट्रेकचे ग्रुप नेणं हे माझं काम. सगळ्यात जास्त मागणी ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ राष्ट्रीय उद्यानाला. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं हे उद्यान १९८२ साली झालं आणि २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. चौकशीच्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: “तिथे बघायला पॉइंट किती आहेत?” या प्रश्नाचं खरं उत्तर मला एका जुलैअखेरच्या तुकडीत मिळालं.

त्या तुकडीत वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. सत्तरीच्या आसपासच्या, गुडघे दुखरे. सिंहगडच्या सरावाला आतकरवाडीतून निम्म्या वाटेवरच त्या बसल्या आणि म्हणाल्या, “मला वर काही गाठायचं नाहीये रे. फुलं बघायचीत.”

घांघरिया या पायथ्याच्या मुक्कामाच्या गावाहून निघालं की उद्यानाचं गेट लगेच येतं, पण पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडल्यावर भूर्जांच्या रानातून चांगलीच दमवणारी चढण आहे. उद्यानात खेचरं नेऊ देत नाहीत. मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे त्याच दिवशी परतावं लागतं. म्हणून बाईंसाठी कंडी केली. कंडी म्हणजे पाठीवर घ्यायची टोपली, तिच्यात माणूस बसवून नेतात. आमचा कंडीवाला नेपाळचा, तिशीतला, कमी बोलणारा.

वर दरी उघडली तसे बाकीचे माझ्या सहकाऱ्याबरोबर झपाझप पुढे गेले. १९३९ साली फुलं गोळा करताना घसरून इथेच मरण पावलेल्या ब्रिटिश वनस्पती-अभ्यासक जोन लेग यांची कबर आणि त्यापुढचा नदीकाठ त्यांना गाठायचा होता. मी बाईंबरोबर मागे राहिलो. बाई टोपलीतून उतरल्या, गळ्यातलं भिंग हातात घेतलं आणि पुढचा तासभर आम्ही जेमतेम शंभर पावलं चाललो असू. तेरड्याच्या गुलाबी झाडोऱ्यापाशी थांबल्या. “आपल्याकडे हा गुडघ्याएवढा, इथे बघ, छातीला लागतोय!” मग अमेला नावाचा झाडोरा दाखवला. हा दांडगा इतका पसरतो की बाकीच्या फुलांना जागाच उरत नाही, म्हणून वनखातं तो उपटून काढतं. चराई बंद झाल्यामुळे तो माजला का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बाईंचं मत मात्र ठाम होतं, आणि ते त्यांनी मला भर पावसात, छत्री माझ्या हातात देऊन, सविस्तर ऐकवलं.

शेवटी म्हणाल्या, “ब्लू पॉपी दिसली तर बरं होईल.” ही हिमालयात उंचावर फुलणारी, खसखशीच्या कुळातली निळी रानफुलं. नोकरीभर त्यांनी ती मुलांना कागदावर चिकटवलेल्या वाळक्या नमुन्यावरून शिकवली होती. वाळल्यावर तिचा निळा रंग टिकत नाही.

कंडीवाला ऐकत होता. “माताजी, वो काँटेवाला नीला फूल? मैं जहाँ बोझा टिकाता हूँ, वहीं है.”

वाटेला लागूनच एक मोठा खडक होता. त्याच्या फटीत वीतभर झाड, देठावर, पानांवर, कळीवरसुद्धा पिवळट काटे. वर एकच फूल उमललेलं. जांभळट निळ्या पाकळ्या इतक्या पातळ, की पावसाच्या थेंबाखालच्या शिरा दिसत होत्या. मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. बाई खडकाला टेकून वाकल्या आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग भिंग त्यांनी कंडीवाल्याच्या हातात दिलं. तो बघत असताना काटे कशासाठी, केसर किती, बिया कुठून बाहेर पडतात, सगळं मोडक्यातोडक्या हिंदीत समजावून सांगितलं. त्यानेही उलट माहिती दिली: वर दगडांत अजून आहेत, पण वाट सोडून जाऊ देत नाहीत.

दुपारी बाकीचे परतले. सकाळी सगळेच त्या खडकावरून गेले होते. बाईंनी त्यांना ओळीने थांबवून भिंगातून बघायला लावलं. काहींनी मन लावून पाहिलं, काहींना जेवणाची घाई होती.

तेव्हापासून दरीच्या दिवशी मी ग्रुपचे दोन भाग करतो. एक नदीपर्यंत जाणारा, दुसरा रेंगाळणारा, आणि दुसऱ्या भागाबरोबर मी स्वतः राहतो. निघण्याआधी कोथरूडला बैठक होते, तिला बाई येतात. बूट, रेनकोट, औषधं हे सगळं मी पाच मिनिटांत आटोपतो. उरलेला तास त्यांचा.