शिफ्ट लेन्स हाताला बसली, आता रस्त्याकडे

२४ मिमीची शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न हलवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स, आता सवयीची झाली आहे. उभ्या रेषा सरळ हव्या असतील तर सेन्सर भिंतीला समांतर ठेवायचा, कॅमेऱ्याने मान वर करायची नाही आणि इमारतीचा माथा फ्रेममध्ये आणायला लेन्सच वर सरकवायची, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. खरी गंमत मोजमापात आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिमी; तो आडवा धरला की सेन्सरची उंची २४ मिमी. लेन्स १२ मिमी वर सरकवली की क्षितिज नेमकं खालच्या कडेवर येऊन बसतं. म्हणजे सपाट जमीन फ्रेमबाहेर! इमारत कशावर उभी आहे तेच दिसत नाही. कॅमेरा उभा धरला तर क्षितिजाखाली ६ मिमी उरतात. दीड मीटर उंचीवरून साधारण सहा मीटरपुढची जमीन त्यात मावते. त्यामुळे उंच इमारतीला आता मी आधी उभी फ्रेमच लावतो.

अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/८ ते एफ/११. लेन्स सरकवल्यावर फोटोच्या कडा मऊ पडतात, त्या तिथे सावरतात.

मी शिकलेला आर्किटेक्ट आहे, आणि ते शिक्षण इथे जितकं कामाला येतं तितकंच आडवंही येतं. डोळा सारखा एलेव्हेशन, म्हणजे नकाशातलं इमारतीचं सपाट दर्शनी चित्र, शोधतो: बरोबर समोरून, तारा नकोत, गाड्या नकोत. यावर उतारा म्हणून सध्या इटालियन फोटोग्राफर गाब्रिएले बाझिलिको यांचे फोटो बघतोय. १९७३ मध्ये मिलानमधून आर्किटेक्चरची पदवी घेतली आणि आयुष्यभर केली फोटोग्राफी. १९७८ ते १९८० त्यांनी मिलानचे कारखाने टिपले. सुरुवात ईस्टरच्या सुटीत: रस्ते ओस, वाऱ्याने हवा स्वच्छ, सावल्या धारदार. १९९१ मध्ये यादवी युद्धानंतरचं बैरुतही त्यांनी तसंच शांतपणे, मोजणी केल्यासारखं टिपलं. ते इमारतीला शेजाऱ्यांपासून तोडत नाहीत. कोपऱ्यावर उभे राहतात, दोन रस्ते दोन बाजूंना पळू देतात, खांब आणि पाट्याही राहू देतात. जाहिरातीच्या गुळगुळीत फोटोंपेक्षा मला हे कितीतरी जास्त आर्किटेक्टचं काम वाटतं.

म्हणून आता कोपऱ्यांचा सराव चालू आहे. तिरक्या कोनातून दोन्ही भिंती सेन्सरला समांतर राहूच शकत नाहीत, तेव्हा उभ्या रेषा सांभाळायच्या आणि आडव्या रेषांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यायचं. एक भिंत उन्हात, दुसरी सावलीत असेल तर कोपरा उठून दिसतो. ढगाळ दिवशी दोन्ही एकच होऊन जातात. पुढच्या खेपेला हेच कृष्णधवलमध्ये करून बघणार आहे.